पट्ट्यातलं वजन

त्या वर्षी कोरडा वारा महिनाभर आधीच सुटला. दोर वळणाऱ्याच्या घरी असा वारा म्हणजे न बोलावता आलेला आणि उठायचं नाव न घेणारा पाहुणा. भिजवलेला घायपाताचा वाख पसरावा आणि पाठ फिरवावी, तेवढ्यात तो वाळलेला. हातात धरावा तर म्हाताऱ्या केसासारखा तुटणारा. मेजरीण दिवसातून चार वेळा तळ्यावरून पाणी आणायची, वाखावर ओलं गोणपाट टाकायची, आणि सासूबाई उंबऱ्यात बसून लाकडी फणीने तो विंचरता विंचरता म्हणायच्या, "पोटची लेक मिळाली नाही, आणि केस मिळाले हे. याला ना आई ना बाप, तरी नखरे बघ केवढे!"

ती मेजरीण, कारण तिचा नवरा मेजर. आणि तो मेजर, कारण गावाला पदव्या वाटायला काही पडत नाही. खरं तर फौजेत अकरा वर्षं तो साधा शिपाई होता. डोंगरातल्या रस्त्यावर शिधा नेणारा ट्रक उलटला, त्याच्या डाव्या खुब्यावर आधी पिठाची पोती आली आणि पोत्यांवर ट्रक. "पोती मध्ये होती म्हणून वाचलो," तो सांगायचा, "नाहीतर माझंच पीठ झालं असतं." ऐकणारे हसायचे. हसू ओसरलं की तो खुबा चोळायचा.

फौजेने त्याला घरी पाठवलं ते एक कागद हातात देऊन. दुखापत मान्य, अपंगत्व ठरलेल्या मर्यादेहून कमी, चालू शकतो.

"चालू शकतो" या दोन शब्दांविरुद्ध तो नऊ वर्षं अपील लढत होता.

आणि तो चालत होताही, तीच तर अडचण होती. काठी टेकत घरातून अंगणात, अंगणातून मागच्या वाटेवर. पन्नास पावलांना खुबा भरून यायचा, शंभराला पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा मागून फरफटत यायचा. पण कागद शंभर पावलं कुठे मोजतो? तिसऱ्या वर्षी दोघं अपिलाच्या कचेरीत गेली होती. अपंगांचा कक्ष दुसऱ्या मजल्यावर. मेजर कठड्याला धरून, दर चार पायऱ्यांना थांबत वर पोचला, तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. कारकुनाने वर बघितलं आणि विचारलं, "आलात की वर! मग तक्रार काय आहे?"

त्यावरही मेजर परतीच्या वाटेवर विनोद करत होता. मेजरीण मात्र तेव्हापासून कचेरीचं पत्र आलं की आधी हातातलं काम खाली ठेवायची.

यंदा दवाखान्यातल्या डॉक्टरने खुब्याचा एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं होतं. हा माणूस असाच ताण घेत राहिला तर दोन, फार तर तीन वर्षं. मग खुबा धरणार. एकदा धरला की उठणं नाही, बसणं नाही. "हे काम सोडा," डॉक्टर म्हणाला. जणू काम अंगात घातलेला सदरा होता. पेन्शन आली तर काम सुटणार होतं. पेन्शन नाही तर पाय सुटणार होता. मेजरिणीच्या डोक्यात आता याखेरीज दुसरं काही राहतच नव्हतं.

ते काम कसं, ते सांगायला हवं.

घरामागे चाळीस पावलांची सरळ वाट होती, पिढ्यान्‌पिढ्या तुडवून दगडासारखी झालेली. एका टोकाला रोवलेल्या खांबावर लोखंडी दांड्याचं चाक, चाकाला आकडा. आकड्यातून निघालेला वाखाचा पेड थेट दुसऱ्या टोकाला उभ्या माणसाच्या कमरेपर्यंत. त्या माणसाच्या कमरेला वीतभर रुंद चामड्याचा पट्टा आणि पट्ट्याला पुढे दुसरा आकडा. इकडे दांडा फिरवायचा, पेडाला पीळ चढायचा. पीळ चढला की पेड आखडतो, आणि पट्ट्यातल्या माणसाला पावलापावलाने चाकाकडे ओढत आणतो. त्याने मात्र ओढलं जाता जाता सगळं अंग मागे टाकायचं, टाचा रोवायच्या, वजन द्यायचं. वजन कमी पडलं की पेड सैल पडतो, जागोजागी गाठळतो, आणि तो दोर मग गुरालाही बांधायच्या लायकीचा राहत नाही.

मेजर पट्ट्यात असायचा, मेजरीण चाकावर. पट्ट्यात काठी लागत नव्हती. मागे रेललेला तो खुर्चीत बसल्यासारखा दिसायचा. खुर्ची तेवढी नसायची. डाव्या पायाने फक्त जमिनीला शिवायचं, बाकी सगळा भार पेडावर. बघणाऱ्याला वाटावं, गडी काय रुबाबात येतोय! मेजरिणीच्या मुठीला मात्र सगळं कळायचं. सकाळी त्याचं वजन एकसारखं यायचं, दुपारी डावीकडे कलायचं, आणि संध्याकाळी दांड्यात बारीक थरथर उतरायची. ती थरथर आली की ती आपणहून म्हणायची, "माझा हात भरलाय, थांबू जरा." तो म्हणायचा, "नाजूक झालीस." आणि थांबायचा.

सासूबाई उंबऱ्यातून गुणगुणायच्या.

"पेड भेटे पेडाला गं, पीळ भेटे पिळा,
मधल्या माणसाचा माझ्या सरेना उन्हाळा."

पत्र आलं ते याच वाऱ्याच्या दिवसांत. टपालवाल्याने सायकल भिंतीला टेकवली आणि नेहमीप्रमाणे स्वतःच वाचून दाखवलं. अपिलाच्या संदर्भात प्रत्यक्ष पाहणीसाठी तपासनीस घरी येईल. तारीख दहा ते बारा. अर्जदाराने घरी हजर राहावं.

"मेजर, नशीब उघडलं," टपालवाला म्हणाला. "नऊ वर्षांत पहिल्यांदा ते तुमच्याकडे येतायत."

"लग्नाला एवढी वाट बघितली नव्हती," मेजर म्हणाला.

"बघितली असतीस तर वाचला असतास," सासूबाई म्हणाल्या, आणि मेजरीणसुद्धा हसली. त्या घरातलं ते बऱ्याच दिवसांतलं पहिलं हसू.

पण त्याच आठवड्यात नावाड्याचा दोर द्यायचा होता. नदीवरची नाव दोराला धरून ओढली जायची. जुना दोर झिजला होता, आणि नदी फुगायच्या आत नवा हवा होता. मनगटाएवढे जाड तीन पेड. नावाडी दोनदा येऊन बसून गेला होता.

दहा तारखेला मेजरने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला. सासूबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"नवरदेव झालास काय? खाटेवर पड. कण्ह जरा."

"मी खोटं कण्हणार नाही, आई."

"खोटं कुठे? रोज कण्हतोस ते दात आवळून, आज तोंड उघडून कण्ह. एवढंच."

तो खाटेवर पडला नाही. अंगणात खुर्ची टाकून ताठ बसला. तीन दिवस बसला. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की पाठ आणखी ताठ करायचा. मेजरिणीला वाटायचं, जाऊन त्याचे खांदे दाबून खाली आणावेत, सदरा चुरगाळावा. पण नवऱ्याला दुबळा दिसायला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती पाणी आणत राहिली, वाख झाकत राहिली. बारा तारखेचा दिवस मावळला. कुणी आलं नाही.

तेरा तारखेला सकाळी नावाडी दारात. "मेजर, दोर देणार की मी शहरातून नायलॉन आणू? स्पष्ट सांगा, राग नाही."

मेजर उठला आणि खुंटीवरचा पट्टा काढला.

दुपारपर्यंत दोन पेड झाले. तिसरा ओला करून वाटेवर ताणला, आकड्यांत अडकवला, आणि अर्धा पीळ चढला असेल नसेल, तोच घराच्या कोपऱ्याशी मोटरसायकल थांबली. धुळीने पांढऱ्या झालेल्या मिश्यांचा, काखेत फाईल धरलेला एक माणूस वळसा घालून थेट मागच्या वाटेवर आला.

"मेजर म्हणतात ते इथेच राहतात का? मी तपासनीस. जरा उशीर झाला. एकट्याने चाळीस घरं करायची म्हणजे..." बोलता बोलता त्याची नजर वाटेवर गेली.

वाटेवर काठीशिवाय, रुबाबात, एकेक पाऊल टाकत मेजर येत होता.

मेजरिणीच्या हातातला दांडा क्षणभर थबकला. मेजर ओरडला, "थांबू नकोस! ओला आहे, वाया जाईल."

तिने दांडा फिरवला. तपासनिसाने फाईल उघडून गुडघ्यावर टेकवली. त्याचं पेन तिला तिथूनही दिसत होतं. तो पावलं मोजत होता. ओठ हलत होते. सहा. सात.

"साहेब," ती हात न थांबवता म्हणाली, "ते चालत नाहीयेत. त्यांना दोराने धरलंय."

"हो हो," तो मान वर न करता म्हणाला. "दिसतंय मला."

"दिसत नाही तुम्हाला. सगळं अंग त्या दोरावर आहे त्यांचं."

"ताई, मी डॉक्टर नाही. मला जे दिसतं ते लिहायचं असतं. चालताना आढळले का, आधार घेतला का, एवढेच रकाने आहेत." त्याच्या आवाजात तुसडेपणा नव्हता. त्याला तहान लागली होती आणि डोळ्यांत धूळ गेली होती. "आठ... नऊ. काठी नाही."

मेजर ताठ नजरेने समोर बघत होता. साहेब समोर उभा असताना शिपायाने जसं बघायचं असतं तसं, हनुवटी वर. त्याला दुखत होतं. तिच्या मुठीत ती बारीक थरथर उतरली होती, इतकी की दांड्याचं लोखंड गुणगुणत होतं. ती थरथर त्याच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हती. नऊ वर्षं ती फक्त तिच्या मुठीत होती. ती कुठल्या रकान्यात उतरवायची?

तिने मूठ उघडली.

दांडा उलटा भणाणला. जाता जाता तिच्या मनगटावर बसला, पण ते तिला नंतर कळलं. भरलेला पीळ एकदम मोकळा झाला, पेड लांबला, वाटेवर सापासारखा उसळला. आणि मेजर मागच्या खुर्चीत बसला, जी नव्हती. डावा पाय आडवा दुमडून तो तुडवलेल्या वाटेवर आपटला. ओरडला नाही. तोंडातून हवा तेवढी बाहेर पडली.

तपासनीस धावला. सासूबाई फणी टाकून उठल्या. मेजरीण मात्र चाकाशीच उभी होती, उघडा हात तसाच पुढे धरून.

"काय झालं? काय झालं हो?" तपासनीस मेजरच्या खांद्याखाली हात घालत होता.

मेजरने मान वळवून तिच्याकडे बघितलं. नऊ वर्षं ती दांडा फिरवत होती. बोटं सोलली तेव्हा, अंगात ताप असताना, पोटात मूल होतं आणि मग नव्हतं त्या महिन्यातसुद्धा. दांडा तिच्या हातून एकदाही सुटला नव्हता, हे त्या वाटेवरच्या दोघांनाच ठाऊक होतं.

"हात सुटला असेल तिचा," मेजर म्हणाला. "घाम येतो."

त्यानेच तिला सांभाळून घेतलं. आणि तेच तिला सहन झालं नाही.

"सुटला नाही, साहेब. मी सोडला. बघा आता. दोर नसला की काय होतं, ते बघा. हे लिहा."

तपासनीस फाईल मिटून तिच्याजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "ताई, हे मी ऐकलं नाही. तपासनिसासमोर मुद्दाम पाडलं असं कागदावर आलं, तर वरचे लोक म्हणतील देखावा केला. अपील तिथल्या तिथे संपेल. मी लिहितो, चाकाचा दांडा सटकल्याने पडले. तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"आणि चालत होते त्याचं?"

"ते... ते मी पाहिलंय ना, ताई."

तो पाणी प्यायला, त्याने मेजरला सासूबाईंसोबत उचलून खाटेवर ठेवायला मदत केली, दवाखान्यात न्यायला गाडीही बघून दिली. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर तिने निदान दोन शिव्या घातल्या असत्या.

हाड मोडलं नव्हतं. पण खुब्यातलं जे काही थोडंफार जागेवर होतं, तेही हललं होतं. डॉक्टरने दोन-तीन वर्षांची मुदत दिली होती. त्यातली किती त्या एका क्षणात गेली, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. मेजर पाच आठवडे खाटेवर होता. बोलायचा, पण कामापुरतं. पाणी दे. उशी वर कर. खिडकी लाव, वारा येतोय. विनोद तेवढे त्याने बंद केले. घरात मग फणीचाच आवाज उरला.

एकदा तिने त्याची पाठ पुसताना सुरुवात केली, "मला वाटलं, निदान एकदा तरी कुणी..."

"पाणी गार झालंय," तो म्हणाला.

नावाड्याने नायलॉन आणला. सासूबाई सुनेला काही बोलल्या नाहीत. नेहमी इतकं बोलणारी बाई गप्प बसली, की घरातलं भांडंसुद्धा दबकून वाजतं. फक्त एका संध्याकाळी, मेजरिणीच्या सुजलेल्या मनगटाला तेल लावता लावता त्या म्हणाल्या, "मी असते, तर माझ्याने मूठ उघडली नसती. आणि मग आयुष्यभर म्हणत बसले असते, का उघडली नाही." मग मनगट जरा जास्तच जोरात चोळलं.

सहाव्या आठवड्यात टपालवाला आला. या वेळी त्याने वाचायच्या आधी पाणी मागितलं.

पाहणी अहवाल मिळाला. अर्जदार कोणत्याही आधाराशिवाय बारा पावलं चालताना आढळले. पाहणीदरम्यान यंत्रदोषामुळे पडून नवी दुखापत झाल्याने जुन्या दुखापतीचं प्रमाण ठरवणं अवघड. सबब प्रकरण नव्याने वैद्यकीय मंडळाकडे, पहिल्या टप्प्यावर परत पाठवण्यात येत आहे. तारीख यथावकाश कळवण्यात येईल.

"यथावकाश म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"म्हणजे त्यांना सवड होईल तेव्हा," टपालवाला म्हणाला. त्याने पत्राची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "मागच्या खेपेला पहिल्या टप्प्याला चार वर्षं लागली होती, नाही का?"

मेजरीण भिंतीला टेकून उभी होती. बारा पावलं. तिने सोडलं नसतं तर तो फक्त चालणारा माणूस राहिला असता. सोडलं म्हणून तो चालणारा आणि वर यंत्राने पाडलेला माणूस झाला. नऊ वर्षं तिने स्वतःच्या हाताने उलगडून परत आकड्यापाशी नेऊन ठेवली होती.

मेजरने खाटेवरून पाय खाली सोडले. "वाख भिजवलाय का काही?"

"आहे थोडा. गुरांच्या दाव्यांपुरता."

"मला चाकापाशी ने."

तिने आणि सासूबाईंनी त्याला दोन्हीकडून धरून नेलं. चाकाजवळ घोंगडं टाकलेल्या खोक्यावर तो बसला. पट्टा त्याने मांडीवर घेतला, मागची दोन भोकं सोडून आतल्या भोकात बक्कल बसवून बघितलं, आणि तिच्यापुढे धरला.

"मी?" ती म्हणाली.

"मग कोण? आई?"

"मला नको घालू बाबा," उंबऱ्यातून सासूबाई म्हणाल्या. "मी आखडून आधीच अर्धी झालेय."

तिने पट्टा कमरेला बांधला. तो तिच्या कमरेला मोठा होता आणि आतून नवऱ्याच्या घामाने काळा, गुळगुळीत झालेला. चाळीस पावलं चालत ती टोकाला गेली, पेड आकड्यात अडकवला आणि वळली. नऊ वर्षांत तिने ही वाट या टोकाकडून कधी बघितली नव्हती. इथून चाक अगदी लहान दिसत होतं आणि चाकावरचा माणूसही.

त्याने दांडा फिरवला. पीळ तिच्यापर्यंत मुंगीसारखा चालत आला. ती उभी राहिली, स्वतःच्या दोन्ही पायांवर, घट्ट. पेड मध्येच झुलायला लागला. एका जागी गाठळला, मग दुसऱ्या.

"वजन टाक," तो म्हणाला.

"टाकलंय."

"टाकलं नाहीस. माझ्या हाताला कळतं."

तिने गुडघे जरा वाकवले. पाठ मात्र मागे जाईना. मागे काहीच नव्हतं, मोकळी हवा आणि तिच्याखाली ती कठीण वाट.

"अशाने फुगेल तो. वाया जाईल. टाक की वजन!"

"आणि तुम्ही सोडलंत तर?"

दांडा थांबला. वाऱ्याने पेड हलवला. उंबऱ्यातली फणीही थांबली.

"सोडेन की नाही, ते सांगून काय होणार?" तो म्हणाला. रागाने नाही, दमलेल्या माणसाचा आवाज होता. "तू कुठे सांगितलं होतंस?"

तिने डोळे मिटले, टाचा रोवल्या आणि मागे पडणाऱ्या माणसासारखं सगळं अंग सोडून दिलं.

पट्टा कमरेत रुतला. पेड कण्हला, ताणला आणि थांबला. ती हवेत बसली होती. दांडा पुन्हा फिरला. एक पाऊल. प्रत्येक फेऱ्याला तिला वाटत होतं, हा शेवटचा. आता सुटेल, आता माकडहाड आपटेल. अजून एक पाऊल. तिच्या मांड्या थरथरत होत्या. ती थरथर आता त्याच्या मुठीत उतरत असणार, हे तिला कळत होतं आणि लपवता येत नव्हतं. सात. आठ. डोळे उघडायचं धाडस तिने केलं नाही. दोर तिला आपला आपण त्याच्याकडे आणत होता. त्याचा श्वासही पेडातून तिच्या कमरेला कळायला लागला, तुटक.

अकरा. बारा.

"झालं," तो म्हणाला. "चाकाला खिट्टी लावलीय."

तिने डोळे उघडले. पेड एकसारखा, कुठेही गाठ नाही, तारेसारखा ताठ. तिने पट्ट्याचा आकडा वाटेकडेच्या खुंटीला अडकवला, बाहेर पडली, आणि उरलेली वाट चालत चाकापाशी आली. खिट्टी खरंच लागली होती. चाक हलत नव्हतं.

तरी त्याच्या दोन्ही मुठी दांड्यावर तशाच होत्या. बोटांची पेरं पांढरी पडली होती, हातांवरच्या शिरा टरारल्या होत्या. तो त्या मुठींकडे बघत होता, दुसऱ्या कुणाच्या हातांकडे बघावं तसा.

"उघडेनात," तो म्हणाला.

ती खोक्यासमोर खाली बसली. अंगठ्यापासून सुरुवात करून, एकेक बोट चोळत चोळत, तिने त्याच्या मुठी उघडल्या.